आधी हात ओले

९ नोव्हेंबर, रविवार

आलो एकदाचा! तलवाड्यापासून जीपमध्ये मांडी हलवायला जागा नव्हती, त्यात माझ्या चार काठ्या पीव्हीसीच्या लांब नळीत. शेजारच्या आजोबांनी दोनदा विचारलं, हा पाइप ठिबकचा का बोअरचा. मासे धरायच्या काठ्या आहेत म्हटल्यावर त्यांनी नळी खालीवर पाहिली आणि "लई शिकल्यालं दिसतंय" म्हणाले. कौतुक होतं का टोमणा, अजून कळलेलं नाही.

कासारडोह तलाव मी नकाशावर पाहिला होता त्याहून मोठा निघाला. पश्चिमेला बाभळी, समोर कापसाची काळी रानं, आणि मधे एवढं पाणी की बीड जिल्ह्यात असं काही असेल हे मलाच कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो. काठावर कॅम्प: सहा तंबू, पत्र्याचं स्वयंपाकघर, एक होडी आणि माझ्यासाठी दोन खोल्यांचं घर. दार निळं आहे. मालक सत्यम, पुण्यातली नोकरी सोडून आलेला, माझ्याच वयाचा. त्यानं बोर्ड आधीच लावून ठेवलाय: 'गाइडसह फ्लाय फिशिंग. मासा धरा, फोटो काढा, सोडून द्या.'

चार वर्षं हिमाचलात ट्राउटच्या नद्यांवर पाहुण्यांच्या मागे फिरलो. घरी यायचो फक्त ईदला. मुबश्शिरा सहा वर्षांची झाली आणि तिच्या लेखी अब्बू म्हणजे फोनमधला एक माणूस. अस्मानं निघताना स्वच्छ सांगितलं की ही शेवटची खेप. पाच डिसेंबरला सामान घेऊन दोघी बीडहून इथे येणार, आणि ह्याही वेळी माझ्या पायाला भिंगरी लागली तर ती कायमची माहेरी राहणार. बरोबरच आहे तिचं. मला एका जागी बसवत नाही, हा माझा जुना रोग आहे.

ही वही मासळीच्या नोंदींची. पाण्यानं न भिजणारा कागद, सोबत पेन्सिल. पण शाळेत मराठीच्या बाईंनी लावलेली रोजनिशीची खोड जात नाही, म्हणून मासे आणि मी एकाच वहीत राहू.

१२ नोव्हेंबर, बुधवार

होडी धुळाजीमामा चालवतात. साठीचे असतील. त्यांची बायको बायनाबाई स्वयंपाक करते. काल शेंगदाण्याचं कालवण असं केलं की मी चार भाकरी हाणल्या आणि पाचवी लाजेनं सोडली. गावातली निम्मी घरं ऊसतोडीला गेलीत, त्यामुळे काठावर आम्ही चौघं आणि मेंढरं धुवायला येणारे धनगर, एवढीच वस्ती.

मामांना माझी पद्धत दाखवली. कोंबड्याच्या मानेचं पीस गळावर दोऱ्यानं बांधून किडा करायचा. हुबेहूब असायची गरज नसते. माशाला भूक असली की तेवढं पुरतं. गळाचं उलटं टोक पकडीनं दाबून सपाट करायचं, म्हणजे माशाला जखम होत नाही. फक्त दोरा कायम ताणलेला ठेवायचा. दोरा सैल पडला की असा गळ आपोआप निसटतो, आणि शहाणा मासा म्हणूनच काठीकडे धावत येतो. मासा हाती आला की आधी आपले हात ओले करायचे. कोरडा हात लागला तर त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, मग तो आजारी पडून मरतो. शेपटीच्या वरच्या पात्याला कात्रीनं बारीक खाच द्यायची, पुन्हा सापडला तर ओळखू यावा म्हणून. नंतर पाण्यात सरळ धरून पुढे-मागे, पुढे-मागे, त्याचा श्वास परत येईपर्यंत. मग सोडायचं.

मामांनी सगळं ऐकून घेतलं. बायनाबाईला मात्र राहवलं नाही. "खायाचं न्हाई तर धरता कावून?" तिनं विचारलं.

मामांच्या डाव्या कानाच्या पाळीला खाच आहे. बाळी ओढली गेली असेल. बरगड्यांवर दोन्ही बाजूंना कातडीचे गुळगुळीत पांढुरके पट्टे आहेत, भाजल्यासारखे. विचारणं बरं दिसलं नाही. त्यांनी एकच अट घातली: वाळलेल्या बाभळीच्या पलीकडे, जिथे पाणी काळं दिसतं, तो जुना डोह आहे. तिथे होडी नेली तरी चालेल, पण तिथे मासा सोडायचा नाही. कारण विचारलं तर म्हणाले, "बगतंय ते." कोण, ते सांगितलं नाही. मी मान डोलावली. अशा अटी प्रत्येक नदीवर असतात.

१५ नोव्हेंबर, शनिवार

पहिले पाहुणे! अंबाजोगाईचे दोन डॉक्टर. एकानं पहिल्याच फेकीला स्वतःच्या टोपीत गळ अडकवला, दुसऱ्यानं माझ्या. दुपारपर्यंत हात बसले आणि तीन किलोची मरळ लागली. डॉक्टर दोरा घाबरून खेचायला लागले. मी ओरडलो, ढील द्या, पळू द्या, तिला वाटू द्या की ती तिच्या मर्जीनं चाललीय. दमेल आणि येईल. आली. खाच दिली, सोडली. डॉक्टर लहान पोरासारखे नाचले.

संध्याकाळी मुबश्शिराला व्हिडिओ दाखवला. तिनं लगेच बादलीत प्लास्टिकचा मासा घेतला. मी विचारलं, आधी काय करायचं? ती दोन्ही पंजे पाण्यात बुडवून म्हणाली, "आधी हात ओले!" चार वर्षांत मी तिला काही शिकवलं असेल तर एवढंच. मला फार आनंद झाला, आणि लाजही वाटली.

१९ नोव्हेंबर, बुधवार

एक गोष्ट लक्षात आली. मामा पाण्याला हात लावत नाहीत. जन्म तलावावर गेलेला माणूस, पण वल्ह्याशिवाय पाण्याला शिवत नाही. चूळसुद्धा घरच्या तांब्यानं भरतात. मी होडीच्या कडेवरून वाकून हात ओले करतो तेव्हा ते दुसरीकडे बघतात.

खोलीला चुना दिला. मुबश्शिराच्या उंचीवर एक खुंटी ठोकली, दप्तरासाठी. तलवाड्याच्या शाळेत बोलून आलो.

२४ नोव्हेंबर, सोमवार

काल लिहिता आलं नाही. आज क्रमानं लिहितो.

लातूरचं एक जोडपं आलं होतं. नवऱ्याला मोठा मासा हवा होता, सत्यमला मोठ्या माशाचा फोटो हवा होता, आणि खरं सांगायचं तर मलाही त्या काळ्या पाण्यावर फेक टाकून बघायची खाज होती. सकाळी साडेआठला बाभळीच्या पलीकडे गेलो. पाचव्या फेकीला कटला लागला, सहा किलोच्या वर. वर काढला, खाच दिली, पण त्या गृहस्थांचे फोटो संपेनात. मासा हातात निपचित पडला. उथळ पाण्यापर्यंत नेला असता तर वाटेत मेला असता. म्हणून मी तिथेच वाकलो आणि त्याला पाण्यात धरलं. मामा एकदम म्हणाले, "हितं नगं, भाई, हितं नगं." पण मासा मरत होता. दुसरं काय करणार होतो? पुढे-मागे, पुढे-मागे. त्याचे कल्ले हलले आणि तो गेला.

माझे हात बाहेर आले नाहीत.

मी बुडालो असं बाकीचे म्हणतात. मला मात्र खाली गेल्यासारखं वाटलंच नाही. वर काढल्यासारखं वाटलं. पाणी संपलं आणि एक उजेड होता, आणि तिथे मला श्वास घेता येईना. छाती नुसती उघडत होती, मिटत होती. पोटाखाली एक आधार होता आणि घोट्यांभोवती एक पकड. थंड, ओली, फार जपून धरलेली. मला कुशीवर वळवलं. थोडा वेळ तसंच धरून ठेवलं. कानाशी एक बारीक कट्ट झालं. मग पुन्हा पाणी, आणि त्या पाण्यात मला कुणीतरी सरळ धरून पुढे-मागे, पुढे-मागे केलं, श्वास परत येईपर्यंत.

मग सोडलं.

मी होडीपासून दहा हातांवर वर आलो. बाई किंचाळत होत्या, त्यांचा नवरा पोहता येत नाही म्हणून रडकुंडीला आला होता. मामांना उत्तम पोहता येतं. ते तंबाखू मळत बसले होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "येतेत वर. पयल्या खेपंला सोडतंय."

डाव्या कानाला खाच आहे. रक्त नाही, दुखत नाही. वरच्या बाजूला.

२६ नोव्हेंबर, बुधवार

मामांना धरून बसवलं आणि विचारलं. ते तिशीत असताना डोहात पडले होते. त्यांना वर काढलं, उलटंपालटं केलं, कानाला खाच दिली आणि सोडलं. धनगर मेंढरांच्या कानाला खुणेसाठी खाचा देतात, ते इथल्या काठावरच देतात. त्यांचं बघून ते शिकलं, असं मामांचं म्हणणं. मी विचारलं, कोण शिकलं? मामांना माहीत नाही. त्यांनी सदरा वर केला. ते पांढरे पट्टे म्हणजे हाताच्या खुणा आहेत, जिथे धरलं तिथली कातडी निघून गेली होती. सहा महिने अंथरुणावर होते.

मग त्यांनी माझा शर्ट वर करायला लावला. माझ्या अंगावर काहीच नाही.

"तवा हात कोरडं हुते," मामा म्हणाले. "तुमचं बगून वलं करायलंय आता."

बायनाबाईनं दोनदा ताट झाकून ठेवलं.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

उजव्या गालात आतून एक भोक आहे. काडीपेटीतली काडी जाईल एवढं. कडा स्वच्छ आहेत.

तलवाड्याच्या डॉक्टरांनी टॉर्च मारून पाहिलं. दाताची गाठ फुटली असेल म्हणाले, गोळ्या दिल्या. त्यांच्या खुर्चीत माझं तोंड सारखं एका बाजूला वळत होतं. ते म्हणाले सरळ बसा. मी सरळच बसलो होतो. दवाखान्याच्या त्या बाजूला तलाव आहे.

तलावाकडे तोंड केलं की बरं वाटतं. पाठ केली की गाल ओढतो. हलका. अगदी हलक्या काठीनं ओढतात तसा.

मामांना दाखवलं. हे त्यांना झालं नव्हतं, म्हणाले. गळ त्यांच्या वेळी नव्हता.

३० नोव्हेंबर, रविवार

आरशासमोर उभा राहून तोंडापुढची हवा कात्रीनं कापली. वीस-पंचवीस वेळा. दिसत काही नाही. लागतही काही नाही. बायनाबाई दारातून बघून परत गेली.

अस्माला फोन केला. पाच तारखेला येऊ नका म्हणालो. कारण काय सांगू? इथे साप निघालेत म्हणालो. ती म्हणाली, "हर बार तुमारा यहीच रहता." आणि फोन ठेवला. पुन्हा लावला तर मुबश्शिरानं उचलला आणि विचारलं, माझी खुंटी कुठल्या भिंतीला आहे.

त्या दोघींनी ह्या पाण्याजवळ यायचं नाही. संसार गेला तरी चालेल. एवढं एक मी करणार.

२ डिसेंबर, मंगळवार. बीड

आपणच निघून आलो. सत्यमला सांगितलं नाही. जीपमध्ये तलवाड्यापर्यंत गाल ताणलेला होता, डोळ्यांत पाणी आलं. गेवराईच्या पुढे ताण कमी झाला. बीडला उतरलो तेव्हा काहीच नाही! स्टँडवर उभ्यानं दोन कप चहा प्यालो.

अस्मा बोलत नाही, पण ताट वाढलं. मुबश्शिरा मांडीवर येऊन बसली. कानाची खाच बोटानं चाचपली आणि म्हणाली, अब्बू, तुम्हाला पण सोडून दिलं?

३ डिसेंबर, बुधवार

अजून काही नाही. सुटलो बहुतेक. इथेच काहीतरी बघेन. सासऱ्यांच्या फळांच्या गाड्यावर बसेन. बसेन. एका जागी बसेन. अल्ला, मी बसेन.

४ डिसेंबर, गुरुवार

दुपारी डाळिंबं लावत होतो. मग पाहिलं तर मी स्टँडवर होतो. गेवराईच्या गाडीच्या पायरीवर. हातात डाळिंब. कंडक्टर विचारत होता, चढायलाव का उतरायलाव बे?

सुटलो नव्हतो. ढील होती.

पळू द्या, तिला वाटू द्या की ती तिच्या मर्जीनं — हे मीच ओरडलो होतो. होडीतून. डोहावर आवाज लांब जातो.

५ डिसेंबर, शुक्रवार

नमाजाला रांगेत उभा राहिलो. तोंड आपोआप वळलं. शेजारच्यानं खांदा धरून सरळ केलं. पुन्हा वळलं. तो मेहरबान माणूस मला डॉक्टरकडे न्यायला निघाला होता.

रात्रभर अस्मानं माझा दंड धरून ठेवला. सगळं सांगितलं तिला. विश्वास बसला नाही, पण दंड सोडला नाही. आजच त्या दोघी तिकडे जायच्या होत्या.

६ डिसेंबर, शनिवार

गाल फाटेल असं वाटतं. बोलता येत नाही नीट.

एक सुचलंय. इतके दिवस का सुचलं नाही? मी खेचतोय म्हणून दोरा ताणलेला आहे. मी माझ्या गळांची उलटी टोकं सपाट करतो. ते माझं बघूनच शिकलंय, म्हणजे त्याचाही गळ सपाट असणार. असा गळ कसा निसटतो? दोरा सैल पडला की. शहाणा मासा काय करतो? काठीकडे धावतो.

काठापर्यंत धावत जायचं. पाण्यात पाय घालायचा नाही. दोरा सैल पडेल, गळ निसटेल, मी परत.

उद्या सकाळी. अस्मा शिवणाच्या क्लासला गेली की.

७ डिसेंबर, रविवार

जीपमध्ये लिहितोय. हात हलतोय. मुबश्शिरा सोबत आहे. नको होती. दारातून निघालो तर पायाला मिठी मारून बसली — अब्बू परत चार वर्षं जाणार, म्हणून. सोडेचना. वेळ नव्हता, गाल —

बायनाबाईकडे ठेवीन. स्वयंपाकघरात, पाण्यापासून लांब. तासाभराचं काम.

तलवाडा. ओढ कमी.

कॅम्प. पोरीला बायनाबाईच्या हाती दिलं. सांगितलं, स्वयंपाकघराच्या बाहेर पाऊल टाकू देऊ नका. बायनाबाईनं पदर तोंडाला लावला आणि हो म्हणाली. मामा दिसत नाहीत.

काठावर आहे. दगडावर. पाण्यापासून पाच पावलं. पळत आलो. थोडं आणखी —

सैल. सैल पडला. गालात काहीतरी फिरलं, आणि —

निसटला! सुटलो. सुटलो! भोक नुसतं भोक आहे. तोंड डावीकडे वळतं, उजवीकडे वळतं. पाठ केली पाण्याकडे, काही नाही. अस्माला फोन लावतोय, ह्या दगडावर रेंज नाही. हे लिहून ठेवतो, तारीख-वेळेसकट. सकाळी अकरा वीस. दहा मिनिटं दम खातो, मग पोरीला घेऊन पहिल्या जीपनं बीड. शांत बसलोय. मी, शांत बसलोय!

मजा म्हणजे उथळ पाण्यात एक मोठा कटला आलाय. अगदी काठाशी, माझ्यापासून वीसेक पावलांवर, कुशीवर पडल्यासारखा. दमलेला दिसतो. शेपटीला खाच आहे. तोच तर नव्हे, लातूरवाल्यांचा?

पण कटला असा काठाला येत नाही. दिवसाढवळ्या.

मला इतक्या सहज का सोड—

मुबश्शिरा. ती कधी आली? बायनाबाई कुठे आहे? माशाकडे धावतेय. हाक मारली, गालातून अर्धाच आवाज फुटला. तिनं ऐकलं. माझ्याकडे बघून हसली, दोन्ही पंजे दाखवले. आधी हात —

मी खाच वरच्या पात्याला देतो. नेहमी वरच्या. ह्याची खालच्या —

कल्ले हलत नाहीत त्याचे. त्या माशाचे. नुसता बांधलेला, माझ्या पिसांच्या किड्यासारखा —

बुडवले तिनं हात मुबश्शिरा नको हात बाहेर हात